विक्रांतवरचा सी हॉक : १/७२ चं प्लास्टिक मॉडेल, ऐन पावसाळ्यात

सुकाणू (१४ जून)

नमस्कार मंडळी,

हॉकर सी हॉक या जुन्या नौदल जेट विमानाचं १/७२ मापाचं किट बरेच दिवस कपाटात होतं. काल रात्री ते उघडलं आणि स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) पहिले भाग कापून घेतले. बाहेर धो धो पाऊस होता. रंगकामाला याहून वाईट महिना नाही, हे माहीत असूनही राहवलं नाही.

हेच विमान का, ते आधी सांगतो. चौथीत असताना बाबांनी मला जुनी विमानवाहू नौका विक्रांत दाखवायला नेलं होतं. ती तेव्हा मुंबईत तरंगतं संग्रहालय होती. हँगरमध्ये विमानं उभी होती. सी हॉकला हवा आत घेणारी तोंडं नाकाशी नसतात, पंखांच्या मुळाशी असतात. त्यातलं एक तोंड माझ्या डोळ्यांच्या जरासं वर होतं. मी टाचा उंचावून आत पाहिलं तर नुसता काळोख. बाबा म्हणाले, "हे विमान लढाईत गेलेलं आहे." नेमकं तेच विमान गेलं होतं की त्याच्या जातीतलं दुसरं, हे विचारायचं त्या वयात सुचलं नाही. २०१२ साली संग्रहालय बंद झालं आणि २०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडायला घेतली, तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. बाबा आता नाहीत.

म्हणून मला नुसता 'एक सी हॉक' करायचा नाही. ४ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेश युद्धात, सकाळी विक्रांतवरून आठ सी हॉक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारच्या धावपट्टीवर हल्ला करायला गेले, त्या आठांतला एक करायचा आहे. दुपारी चितगाव बंदरावर हल्ला झाला. विमानं ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, चिन्ह पांढरा वाघ. ही स्क्वाड्रन ७ जुलै १९६० ला ब्रिटनमध्ये, वेल्सच्या किनाऱ्यावर ब्रॉडी इथे उभी राहिली होती.

मूळ विमानाची लांबी १२.०९ मीटर आणि पंखांचा विस्तार ११.८९ मीटर. भागिले ७२ केलं की मॉडेल १६.८ बाय १६.५ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे जवळजवळ चौरस. विमान एवढं आटोपशीर असेल असं वाटलं नव्हतं.

काल कॉकपिट झालं. आतून काळा रंग, सीटच्या पट्ट्या मास्किंग टेपच्या. आता अडलेल्या गोष्टी:

एक, तीन चाकांचं विमान आहे, शेपटीवर बसू नये म्हणून नाकात किती वजन घालू? दोन, या हवेत रंग कसा मारू? तीन, शेपटीच्या उभ्या पंखाची उंची. जुन्या फोटोंत काही भारतीय सी हॉकचा हा पंख उंच दिसतो, काहींचा बुटका. माझं किट एफजीए मार्क ६ या सी हॉकच्या उपप्रकाराचं आहे.

---

लोखंडी_पंख (१४ जून)

वा! सी हॉकवर धागा मराठीत वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. इथे बैठक मारली आहे.

शेपटीचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे सी हॉक दोन वाटांनी आले. पहिले ब्रिटनकडून. नंतर साठच्या दशकाच्या मध्यावर पश्चिम जर्मनीच्या नौदलाने आपले सी हॉक काढून स्टारफायटर घेतले, तेव्हा त्यांची २८ विमानं आपण घेतली. ती मार्क १०० आणि १०१. जर्मनांनी त्यांचा उभा पंख आणि त्यामागचं हलणारं सुकाणू (रडर) दोन्ही उंच करून घेतले होते. तुम्ही पाहिलेली उंच शेपटी तीच.

तुमचं किट मार्क ६ चं, म्हणजे बुटकी शेपटी. मग ज्या क्रमांकाचं विमान करणार त्याचा बाजूने घेतलेला फोटो आधी मिळवा आणि शेपटी बघा. उलट करू नका. आधी क्रमांक चिकटवायचा आणि मग फोटो शोधायचा या क्रमात माझं एक अख्खं विमान वाया गेलं आहे.

---

पडवी (१४ जून)

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). लहानपणी भावाकडे एअरफिक्सची छोटी विमानं होती, ती आठवली.

---

दर्याकिनारा (१५ जून)

वजनाबद्दल. आकडा विचारू नका, तोलून बघा. शरीराचे दोन्ही अर्धे, पंख आणि शेपटी टेपने तात्पुरती जोडा. मुख्य चाकं जिथे टेकणार त्या रेषेखाली आडवी पेन्सिल ठेवा. आता नाकात एकेक वजन घालत जा. नाक खाली गेलं की आणखी थोडं घाला, कारण नंतर रंग, वॉर्निश, चाकांची झाकणं हे सगळं मागच्या बाजूला भर घालतं. सी हॉकचं नाक आखूड आहे, तेव्हा कॉकपिटच्या तळाखालची जागाही वापरावी लागेल. तिथेच खाली चार २० मिलिमीटर तोफांची तोंडं येतात, तो भाग फुगवू नका.

मासे पकडायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या उत्तम. पण एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. शिसं पांढऱ्या पाणीदार गोंदाने बसवू नका. त्या गोंदातल्या आम्लामुळे शिसं हळूहळू गंजतं, फुगतं आणि दोन-तीन वर्षांनी विमानाचं नाक शिवणीवर उकलतं. दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंद वापरा. किंवा शिसंच नको, लोखंडी नट घाला. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, घरात लहान मूल असेल तर जास्तच जपा.

---

अश्विनी_नक्षत्र (१५ जून)

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, विमानांचं वेड आहे. हा धागा मी त्याला वाचून दाखवला. त्याला असं किट देता येईल का? वासाची आणि ब्लेडची भीती वाटते.

---

दर्याकिनारा (१५ जून)

ताई, नक्की देता येईल. पहिलं मॉडेल गोंदाशिवाय दाबून बसणाऱ्या भागांचं घ्या. भाग कापायला ब्लेड नको, चपट्या तोंडाचा छोटा कटर द्या आणि उरलेला खुंट पॉलिश पेपरने घासू द्या. रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक, ब्रशने. थिनर आणि स्प्रेचे डबे अजून दोन-तीन वर्षं नकोत. पहिलं विमान त्याचं त्यालाच करू द्या. शिवण दिसली तर दिसू दे.

---

सुकाणू (२३ जून)

सगळ्यांचे आभार. शिशाची सूचना वेळेवर आली, कारण पांढऱ्या गोंदाची बाटली मी बाहेर काढून ठेवली होती. आता इपॉक्सीत बसवलंय.

शरीर जोडून झालं. या विमानाची खरी गंमत मागच्या बाजूला आहे, त्यावर थोडं लिहितो. इंजिन एकच, रोल्स रॉईस नीन. साधारण जेट विमानात गरम वायू शेपटीच्या टोकाशी बाहेर पडतात. इथे ती नळी विमानाच्या पोटात दुभंगते आणि दोन्ही पंखांच्या मुळाची मागची कड जिथे संपते तिथे, डाव्या-उजव्या कुशीतून बाहेर येते. नळी आखूड झाली आणि मागचं पोट इंधनासाठी मोकळं राहिलं. समुद्रावर परतीचा रस्ता शोधणाऱ्या विमानाला ते इंधन किती मोलाचं! १९४७ च्या सप्टेंबरात पहिलं उड्डाण झालेल्या यंत्रात हा विचार होता.

मॉडेल करणाऱ्याला मात्र याचा त्रास आहे. पंख, शरीर आणि त्या नळीची कड असे तीन भाग एकाच जागी मिळतात आणि तिथे अर्धा मिलिमीटर फट राहते. पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. चारदा. प्रत्येक वेळी प्रायमरचा पातळ हात मारला की पुन्हा केसाएवढी रेघ दिसायची. शेवटी पुट्टी सोडली आणि स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढला, त्याचा धागा फटीत बसवला आणि पातळ सिमेंटचा (मॉडेलच्या गोंदाचा) एक थेंब सोडला. प्लास्टिकच प्लास्टिकमध्ये विरघळलं. दुसऱ्या दिवशी घासल्यावर रेघ गेली.

एक नुकसान झालं. वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच मी सुपरग्लूने चिकटवली आणि सकाळी ती आतून पांढुरकी झाली होती. काढली आहे. वाचेल का?

---

लोखंडी_पंख (२३ जून)

वाचेल. सुपरग्लूची वाफ काचेवर बसते, ते चट्टे वरवरचे असतात. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने, ओल्या सुती फडक्यावर घेऊन, आतून गोल गोल घासा. जेल पेस्ट नको. अर्धा तास लागेल. परत बसवताना फेविकॉल. काचेला तोच चालतो, सुकल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर पाण्याने निघतो.

---

बोगमाळोकर (२६ जून)

माझं घर गोव्यातल्या दाबोळी विमानतळापासून जवळ आहे. इथल्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उघड्यावर उभा आहे, बाजूला नौदलाची आलिझे आणि सी हॅरियर ही विमानंही. काल पाऊस थांबल्यावर जाऊन आलो आणि तुमच्यासाठी चाकांच्या खाचा, नळीची कड आणि पंख दुमडायची सांधजागा यांचे चाळीसेक फोटो काढले. कुठे टाकू?

---

सुकाणू (२६ जून)

काय बोलू! व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. तुमचे फार उपकार झाले.

---

लोखंडी_पंख (२७ जून)

आकार, सांधे, रिव्हेट यांसाठी हे फोटो सोन्यासारखे आहेत. रंगासाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नका. संग्रहालयातलं विमान ऊन-पावसात उभं असतं, दर काही वर्षांनी रंगवलं जातं आणि रंगवणारा मिळेल तो राखाडी वापरतो. १९७१ चा रंग हवा असेल तर त्या काळातले फोटो आणि ब्रिटिश नौदलाची रंगपद्धत बघा: वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, खालून स्काय. हंब्रॉल कंपनीच्या रंगांत १२३ आणि ९०. तामिया कंपनीचा एक्सएफ-२१ म्हणजे स्कायच.

आणि स्काय म्हणजे आभाळी नव्हे. नाव वाचून निळा घेणारे बघितलेत. तो पिवळसर-हिरवट छटेचा फिका रंग आहे, ताकात कोथिंबिरीचा रस पडावा तसा. वरचा राखाडी थोडा पांढरा घालून फिका करा. एवढ्या छोट्या विमानावर अस्सल गडद रंग काळाच दिसतो.

---

पडवी (२७ जून)

मला विमानातलं काही कळत नाही, पण एक प्रश्न आहे. विक्रांतचं बॉयलर बिघडलं होतं असं वाचलं होतं. त्याचा विमानांशी काय संबंध?

---

दर्याकिनारा (२८ जून)

फार चांगला प्रश्न. विमानवाहू जहाजावरची धावपट्टी अगदी तोकडी. म्हणून विमान सोडताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर धरतात आणि वेगाने पळवतात. समोरचा वारा अधिक जहाजाचा वेग, एवढा वारा विमानाला उभ्याउभ्याच मिळतो. उरलेला धक्का वाफेवर चालणारा कॅटापल्ट देतो. १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते. तो बंद ठेवून बाकीच्यांवर चालायचं ठरलं. वाफ कमी म्हणजे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे डेकवरचा वाराही कमी. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली ती तशीच बंगालच्या उपसागरात गेली. तिला शोधायला निघालेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमच्या बाहेर बुडाली, तेव्हा विक्रांत तिथे नव्हतीच.

४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो तो कराचीवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्यासाठी. त्याच दिवशी दुसऱ्या समुद्रात हे आठ सी हॉकही उडाले होते, हे कमी जणांच्या ध्यानात असतं. म्हणून सुकाणूंनी हा दिवस निवडला याचा आनंद वाटला.

---

सुकाणू (९ जुलै)

अडचण आली आहे. रविवारी स्प्रेच्या डब्यातून लॅकर मारला. वरचा राखाडी वीस मिनिटांत पांढुरका झाला, काचेवर दव धरावं तसा. आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होता. घासून पुन्हा सुरुवात करू का?

---

दर्याकिनारा (९ जुलै)

थांबा, घासू नका! थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगात उतरतं. रंग खराब झालेला नाही, त्यात पाणी अडकलं आहे. कोरड्या दिवशी नुसत्या लॅकर थिनरचा अगदी हलका फवारा दुरून मारा. वरचा थर पुन्हा सैल होतो, पाणी निघून जातं आणि रंग खुलतो. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर मिळाला तर आणखी उत्तम.

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर मी लॅकर मारतच नाही. अगदी मारायचाच तर एसी तासभर कोरड्या हवेवर चालवून, दुपारी. पण मग खिडकी बंद राहते आणि वाफ घरात कोंडते, म्हणून कार्बन फिल्टरचा मास्क हवाच. एअरब्रश असेल तर कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारी बाटली लावा. नाहीतर या दिवसांत ॲक्रिलिक आणि रुंद मऊ ब्रश, पातळ तीन-चार हात.

---

सुकाणू (२१ जुलै)

फवारा मारला. डोळ्यांसमोर पांढुरकेपणा विरत गेला, अक्षरशः ढग हटावा तसा. खालचा स्काय मात्र ब्रशने दिला. काचही टूथपेस्टने स्वच्छ झाली.

---

निवृत्त_खलाशी (२ ऑगस्ट)

मुलीने हा धागा पाठवला. मी १९७४ मध्ये नौदलात भरती झालो, म्हणजे युद्धात नव्हतो. पण दाबोळीला सी हॉकवर मेकॅनिक म्हणून काम केलं आहे. १९८३ च्या डिसेंबरात पहिले सी हॅरियर उतरले तेव्हाही मी तिथेच होतो.

तुम्ही आता विमान 'जुनं' दाखवणार असाल. इथली काही मॉडेलं मी पाहिली, त्यांवर तपकिरी धूळ फासलेली असते. जहाजावर धूळ कुठून येणार? तिथे मीठ असतं. विमान गोड्या पाण्याने धुतलं जातं, पुन्हा पुन्हा, कारण मीठ ॲल्युमिनियम खातं. त्यामुळे रंग फिकटतो, कडांना उडतो, पण विमान घाणेरडं नसतं. मळ दिसतो तो आमच्या हातांचा: पंखाच्या मुळाशी, जिथे पाय ठेवून चढतात, झाकणांच्या कडांना, तेल भरायच्या जागी. आणि नळीच्या तोंडामागे शरीराच्या कुशीवर धुराची काळसर झाक. तेवढंच करा.

---

सुकाणू (२ ऑगस्ट)

काका, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मला 'तू' म्हणा. धुळीचा रंग काढून ठेवला होता, तो परत खोक्यात गेला.

---

सुकाणू (१७ सप्टेंबर)

गणपतीमुळे खंड पडला होता. या आठवड्यात डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) लावले. आधी चकचकीत वॉर्निशचे दोन हात, कारण खरखरीत रंगावर डीकलखाली हवा अडकते आणि पातळ पापुद्रा चंदेरी दिसू लागतो. तरीही डाव्या पंखावरच्या गोलात एका बाजूला चमक राहिली. तिथे सुईने चार टोचे मारून डीकल मऊ करणारं द्रावण सोडलं. रात्रीतून बसलं.

भारतीय विमानाचा गोल: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. राखाडी पंखावर तो गोल बसला तेव्हा हे विमान ब्रिटिश राहिलं नाही. आईला दाखवलं. ती म्हणाली, "तुझे बाबा असते तर आज आधी हे बघितल्याशिवाय जेवले नसते."

मग नाकावर पांढरा वाघ. पाच मिलिमीटरचा. श्वास रोखून लावला.

---

अश्विनी_नक्षत्र (१७ सप्टेंबर)

डोळे भरून आले हो. मुलाचं पहिलं विमान पूर्ण झालं आहे, एक चाक वाकडं आहे. तो विचारतोय, तुमचा वाघ तुटला असता तर दुसरा होता का?

---

सुकाणू (१८ सप्टेंबर)

डीकलच्या कागदावर दोन वाघ होते, एक शिल्लक आहे. पत्ता व्यनितून कळवा, त्याच्यासाठी पाठवतो.

आता शेवटचा भाग उरला आहे, शेपटीखालचा हूक. काका, तो खाली सोडलेला दाखवू की वर? खाली जास्त छान दिसतो.

---

निवृत्त_खलाशी (१८ सप्टेंबर)

तुझं विमान चाकांवर उभं आहे ना? मग वर. हूक खाली असतो तो विमान परत येताना, डेकवरची तार पकडायला. तार सुटली की हूक वर घ्यायचा आणि विमान लगेच बाजूला काढायचं, कारण मागे दुसरं घिरट्या घालत असतं.

---

सुकाणू (१९ सप्टेंबर)

वर चिकटवला.

---

निवृत्त_खलाशी (१९ सप्टेंबर)

आता चाकांना अडण्या लाव आणि साखळ्यांनी बांध. जहाज हलतं.